ताईच्या ओटीवरचे भोपळे

"शैलाताई, वहिनी गेल्या हो... पण काही त्रास झाला नाही त्यांना," नानांनी फोनवर सांगितलं आणि मला आधी रडू आलं नाही, राग आला. नाना म्हणजे माझ्या ताईचे धाकटे दीर. चौलच्या आगरात एका अंगणाच्या अलीकडे ताईचं घर आणि पलीकडे नानांचं. विहीर एक, वाट एक, फाटक एक. वर्ष-दीड वर्ष जिच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता तिला काही त्रास झाला नाही, असं सांगायला माणूस एक तर फार भोळा लागतो किंवा फार निर्ढावलेला. नाना भोळे नाहीत. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, ऑफिसात रजेचं कळवलं आणि गेटवेला जाऊन लाँच पकडली. मांडवा येईपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती. मागच्या शनिवारी मी निघाले तेव्हा ताईच्या ओटीवर भोपळे भिंतीला लावून ओळीने ठेवलेले होते, सगळेच्या सगळे अख्खे.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. लोक भेटतात तेव्हा "तुमची ताई किती खंबीर होती" असं म्हणतात. होतीच. रेवदंड्याच्या शाळेत तिने जन्मभर विज्ञान शिकवलं. ग्रहणाच्या दिवशी गावातल्या बायका गरोदर सुनांना कोंडून ठेवायच्या, आणि ही बाई मुलांना मैदानावर नेऊन पुठ्ठ्याला भोक पाडून कागदावर सूर्य दाखवायची, वर त्यांना शेंगदाण्याचे लाडू खायला घालायची. ग्रहणात खाल्ल्याने पोट बिघडत नाही हे सिद्ध करायला लाडू. एका पालकाने तक्रार केली तेव्हा पुढच्या ग्रहणाला तिने त्याच्यासाठीही लाडू पाठवला. पावसाळ्यात स्कूटरवरून शाळेत जाताना साडी गुडघ्यापर्यंत खोचायची आणि कोणी टक लावून पाहिलं तर थांबून विचारायची, "काय रे, लिफ्ट हवीय?" अशी बाई. मला मेलीला लहानपणी तिचा धाक वाटायचा आणि मोठेपणी अभिमान. आणि हीच बाई आपल्या वेलाचा, आपल्या ओटीवरचा भोपळा आपल्या हाताने कापू शकत नव्हती.

आमच्याकडे अख्खा तांबडा भोपळा बाईने चिरायचा नसतो. आधी पुरुषाने सुरी लावायची. नुसती टोचली तरी चालते, मग बाईने बसून हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. का, ते कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं भोपळ्याला बळीचा मान असतो, कोणी म्हणतं बाईने चिरला तर घरातल्या पुरुषावर बेततं, थोरल्या मुलावर तर जास्तच. ताई लग्न होऊन चौलला आली तेव्हा असल्या गोष्टींना हसायची. अप्पा, म्हणजे तिचे यजमान, अलिबागला कचेरीत जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. तोवर कोण थांबणार? ताई खुशाल विळी मांडून बसायची. मग एका आश्विनात तिने सकाळी भोपळा चिरला, भाजी फोडणीला टाकली, आणि दुपारी अलिबागहून निरोप आला. अप्पा एस.टी. स्टँडवर कोसळले होते, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. केदार तेव्हा बालवाडीत होता. सासूबाई रडता रडता एकदाच म्हणाल्या, "तरी सांगत होते, सुरी लावू नको." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती, ते एक वाक्य ताईला जन्मभर पुरलं. हृदयाची शीर बंद होण्याचा आणि भोपळ्याचा काय संबंध, हे ती मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावू शकली असती. पण रात्री अंधारात आकृत्या कामाला येत नाहीत. आणि घरात आता एकच पुरुष उरला होता, तो म्हणजे केदार. त्याच्या जिवावर प्रयोग करायची तिची तयारी नव्हती.

तरी सुरुवातीची वर्षं तिने त्यातही गंमत शोधली. पावसाच्या तोंडाशी ती गोठ्याच्या मांडवाला भोपळ्याचे वेल चढवायची आणि पाऊस सरला, दिवसा चिकट ऊन आणि पहाटे दव सुरू झालं, की भोपळे तयार. मग पोस्टमन, गॅसवाला, नारळ काढायला येणारा, जो कोणी फाटकातून आत येईल त्याला ती सुरी हातात देऊन म्हणायची, "जरा टोचून जा हो." एकदा निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या उमेदवाराकडून तिने तीन भोपळे कापून घेतले आणि मत दिलं दुसऱ्यालाच. केदार जरा मोठा झाल्यावर तो कापायचा. पण तो बोटीवर नोकरीला लागला, महिनोन्महिने समुद्रात, आणि पुन्हा पोस्टमन सुरू झाले. तेव्हा नानांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून तिला सुनावलं, "घरात पुरुष असताना वाटेवरच्यांना बोलावता, लोक काय म्हणतील वहिनी? आणि घरचा माणूस असताना परक्याने लावलेली सुरी लागू होत नाही, हे तरी माहीत आहे का?" हा नियम नानांनी कुठून आणला देव जाणे. मी आमच्या माहेरी, आजोळी, पाली-सुधागडकडच्या नातेवाइकांत कुठेही तो ऐकलेला नाही. पण केदार त्या वेळी कुठल्या तरी वादळी समुद्रात होता आणि त्याचा आठवडाभर फोन नव्हता. ताईने पोस्टमनच्या हाती सुरी देणं सोडलं. त्या दिवसापासून तिच्या भोपळ्यावर नानांचा हक्क बसला.

नाना वाईट माणूस आहेत का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ते दारू पीत नाहीत, देवळाच्या कामात पुढे असतात, ताईच्या माडांना खत घालताना कधी कुचराई केली नाही. फक्त, त्यांना सुरी लावायला बोलावलं की ते लगेच येत नसत. "बघू संध्याकाळी" म्हणायचे. संध्याकाळी देवळात बैठक असायची. दुसऱ्या दिवशी अलिबागला काम निघायचं. मग तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, कोयता घेऊन, पूजेला निघाल्यासारखे यायचे, एक घाव घालायचे, ओटीवर बसून चहा प्यायचे, आणि आगरातल्या कुठल्या माडाला भुंगा लागलाय ते तिला समजावून सांगायचे. ताई मान डोलवायची. आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी टोकाला बसायची. मला ते बघवत नसे.

जोवर ताईचं खाणंपिणं ठीक होतं, तोवर हा सगळा नुसता वैताग होता. भोपळा नाही तर पडवळ, पडवळ नाही तर दुसरं काही. मग तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. मुंबईत माझ्याकडे राहून उपचार झाले, गाठ आटली, पण नळी अरुंद झाली ती झालीच. भाकरी गेली, भात गेला, मासे तर तिने स्वतःच सोडले. डॉक्टर म्हणाले, मऊ, पातळ आणि अंगाला लागेल असं द्या. पेज आणि दूध यांचा तिला आठवड्यात वीट आला. तेव्हा मी तिला आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मिळतं तसं भोपळ्याचं सूप करून दिलं. तिने एक चमचा घेतला आणि म्हणाली, "शैले, हे सूप नाही, हे भिंतीला लावायचं आहे." वर मलई घातली म्हणून आणखी ओरडली. चौलला दारात एवढे माड उभे असताना विकतची मलई आणणारी मुलगी आपल्या घरात कशी जन्मली, असं म्हणाली. मग चौलला परतल्यावर तिने ते आपल्या पद्धतीने बसवलं, शाळेतला प्रयोग बसवावा तसं, चुका करत करत. सालासकट मोठ्या फोडी करून तुपाचं बोट लावायचं आणि चुलीच्या निखाऱ्यांवर तव्यात कडा काळ्या होईतो भाजायच्या. गर चमच्याने खरवडून काढायचा. अलिबागचा पांढरा कांदा तुपात मऊ करायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही. त्यात आल्याचा रस, चार मिरे. मिक्सरमधून काढून पुन्हा मलमलच्या फडक्यातून गाळायचं, कारण एखादा धागा राहिला तरी तिला ठसका लागायचा आणि डोळे पांढरे व्हायचे. मग नारळाचं पातळ दूध घालून एक उकळी, आणि जाड दूध विस्तव काढल्यावर, नाही तर फाटतं. ते सूप सायीसारखं दाट, गुळगुळीत व्हायचं. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी ती दोन वाट्या प्यायली आणि वाटी बोटाने पुसून घेतली. "उतरतंय गं..." एवढंच म्हणाली. महिनाभराने मी तिच्या चेहऱ्यावर भूक भागल्याचं समाधान पाहत होते. त्या वर्षी केदार सुट्टीवर घरी होता, तो रोज हसत हसत कापून द्यायचा. त्या शरदात तिचं वजन वाढलं.

मागच्या शरदात केदार गणपती झाल्यावर लगेच बोटीवर गेला. वेलांना तोवर नुसती पिल्लं लागली होती. दसऱ्यानंतर ते असे काही लागले की मांडव वाकला. हिराबाईने, म्हणजे ताईकडे कामाला येणाऱ्या बाईने, ते उतरवून ओटीवर मांडले. आणि वाट बघणं सुरू झालं. मी शनिवारी पोचले की आधी ओटीकडे बघायची. हिराबाई तोंड वाकडं करून सांगायची, "नानांना सांगलाय म्या कालपास्नं. म्हनतात, बघू. बाय सकालपास्नं नुसत्या दुधावर हाय." मी येताना अलिबागच्या बाजारातून कापलेली फोड आणायची. त्याचं सूप व्हायचं, ताई प्यायचीही. पण ती फोड पाणचट असायची, दोन दिवसांत बुळबुळीत व्हायची, मग पुढचा आठवडा पेज. नाना यायचे तेव्हा एकच भोपळा फोडायचे. "जास्त कशाला, नासतील," म्हणायचे. म्हणजे तो संपला की पुन्हा निरोप, पुन्हा बघू. फोटो काढून ठेवावा असा संसार होता ओटीवर, आणि मालकीण त्याच्याशेजारी खुर्चीत बसून उपाशी.

एका शनिवारी माझा संयम संपला. मी विळी काढली, एक भोपळा मांडीशी ओढला आणि म्हटलं, "मी कापते. माझं कोण आहे? मला ना नवरा, ना मुलगा. माझ्यावर काय बेतणार?" ताईने माझा हात धरला. हाडं लागली मला तिची. "वेल माझा आहे, घर माझं आहे," ती म्हणाली. "तू कापलास तरी तो माझ्या खाती. केदार पुढच्या आठवड्यात आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालणार आहे, शैले. तो बंदरात लागेपर्यंत थांब." मी ओरडले. तू ग्रहणात लाडू वाटलेस ना, मग हे काय, म्हटलं. तिने भोपळा माझ्या मांडीजवळून दूर सारला. मग म्हणाली, "ग्रहणात माझं कोणी गेलं नव्हतं..." मी विळी जागेवर ठेवली. मग निदान नानांकडे मी स्वतः जाऊन सांगते म्हटलं, तर तिने डोळे वटारले, थेट वर्गातले डोळे. "माहेरच्या माणसाने माझ्या सासरी पदर पसरायचा नाही. मीही पसरणार नाही. निरोप गेलाय, येतील तेव्हा येतील." त्या दिवशी बाजारची फोडही मिळाली नव्हती. आम्ही दोघी पेज प्यायलो. ती अर्धी वाटी, मी तिच्या समोर बसून उगाच दोन.

केदारची बोट केपला वळसा घालून सुखरूप गेली. मग आणखी पुढे कुठे तरी गेली. समुद्र काय, संपतो थोडाच? ताई पौषात गेली. केदारला पोचायला चार दिवस लागले, अग्नी नानांनी दिला.

तेराव्याला काय करायचं हे ठरत असताना केदार सहज म्हणाला, "आईच्याच वेलाचे भोपळे आहेत ना एवढे, त्याचीच भाजी करू." आचारीण म्हणाली, पुरुषाला सुरी लावायला सांगा. कोणी तरी केदारला हाक मारायच्या आत नाना हजर. अंघोळ झालेली, धोतर नेसलेलं, कोयता हातात. अंगण ओलांडायला त्यांना जेमतेम दहा पावलं टाकायची होती आणि ती त्यांनी भराभर टाकली. पहिल्या घावात भोपळा दुभंगला. मग दुसरा, तिसरा, पंगतीला लागतील तेवढे. जमलेल्या बायका हळहळल्या. "नानांनी शेवटपर्यंत केलं हो वहिनींचं," एक म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी सगळ्यांच्या देखत, "नाना, आज कसे पटकन आलात?"

नानांनी कोयता खाली ठेवला. मला वाटलं, आता ते कामांची यादी सांगतील, देवळाची बैठक सांगतील. पण ते माझ्याकडे बघत म्हणाले, "शैलाताई, एवढ्या वर्षांत वहिनींनी मला एकदाही स्वतः हाक मारली नाही. त्या पोस्टमनला हाक मारायच्या. मला हिराबाईकडून निरोप. मी काय गडी होतो? एकदा अंगणात येऊन 'नाना, या जरा' म्हणाल्या असत्या, तर रोज आलो असतो." ते नाटक नव्हतं. तेवढंच मला सहन झालं नाही. नुसता दुष्टपणा असता तर परवडला असता. एकाला हाक हवी होती, एकीला ती मारायची नव्हती, आणि मधल्या अंगणात माझी ताई वाळून गेली. मला त्यांची कीव करता आली नाही, आजही येत नाही. उपाशी माणसाने आधी मानाने हाक मारावी, असली अट घालणाऱ्याचं मन दुखावलं तर दुखावू दे.

दुपारी तिच्या नावाचं पान वाढलं. भात, वडे, खीर, आणि भोपळ्याची भाजी, चांगल्या बोटभर फोडी, मेथीच्या फोडणीतल्या. मी त्या पानाकडे बघत राहिले. त्यातला एकही घास तिला गिळता आला नसता.

जेवणं उरकल्यावर केदार माझ्याजवळ येऊन बसला. समुद्रावर राहून काळवंडलेला, आईसारखीच रुंद कपाळपट्टी. "मावशी, नाना आणि तू सकाळी काय बोलत होतात?" मी थोडक्यात सांगितलं. तो चक्क हसला. "आई? आई असलं काही मानायची? मग सरळ स्वतः कापायचा ना. निदान मला फोन करायचा."

"काय केलं असतंस? बोटीवरून सुरी लावली असतीस?"

"अगं, पण भीती कशाची होती तिला?"

अप्पा गेले त्या सकाळची भाजी त्याला कोणी कधी सांगितली नव्हती. त्याला वाटत होतं की आईला भोपळा चिरायचा कंटाळा आहे, म्हणून ती तो त्याच्याकडून कापून घेते. मी सांगितलं. सासूबाईंचं वाक्यही सांगितलं. केपचा वळसाही सांगितला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी?" मी हो म्हटलं. खोटं बोलून त्याला वाचवावं असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं ती एकटीने त्याला वाचवत होती, तेवढं पुष्कळ झालं.

केदार उठला. नानांचा कोयता तिथेच पडला होता, तो त्याने उचलला आणि भिंतीजवळचा पहिला भोपळा ओढून फोडला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. तो नुसता घाव घालत होता. बिया उडून कोब्यावर पडत होत्या. पाहुणे दारात गोळा झाले. "अरे केदार, एवढे कोण खाणार? नासतील ना!" नाना ओरडले.

"नासू देत," तो म्हणाला आणि पुढचा घेतला.

ओळीतला शेवटचा फुटला तेव्हा अख्खी ओटी तांबडी झाली होती. बायकांनी पिशव्या आणल्या, हिराबाईने टोपल्या भरभरून फोडी आळीत वाटल्या, तरी कितीतरी उरल्या. मी चूल पेटवली. निखारे पडल्यावर फोडींना तूप लावून भाजायला घेतल्या, नारळ खवले, फडकं शोधलं. तेराव्याचं घर म्हणून कांदा घातला नाही. विस्तव काढून जाड दूध ओतलं आणि जे कोणी राहिलं होतं त्यांना वाटी-वाटी दिलं. केदारने वाटी हातात धरली, प्यायला नाही. नाना उंबऱ्याशी टेकून बसले होते, त्यांनाही दिली. देऊ नये असं मनात आलं होतं, पण ताईच्या घरातून कोणी उपाशी गेलेलं तिला चाललं नसतं. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, मग वाटी रिकामी करून खाली ठेवली. एका अंगणात राहून त्यांनी ते आजवर कधी चाखलं नव्हतं.

"चांगलं लागतं हो," ते हळूच म्हणाले. "वहिनी रोज हेच घ्यायच्या?"

"नाही नाना," मी म्हटलं. "रोज नाही."